कंस मिटल्यावर काय दाखवायचं

मी पोटापाण्यासाठी डीबगर बनवते असं सांगितलं की समोरच्याचा चेहरा कोरा होतो. माझ्या आईनं तर शेजारणींना परस्पर सांगून टाकलंय की मुलगी कॉम्प्युटर दुरुस्त करते. त्यामुळे सणावाराला रत्नागिरीत घरी गेले की आमच्या वाडीतला एखादा तरी बंद पडलेला प्रिंटर पडवीत माझी वाट बघत असतो. एकदा वैतागून त्यातला एक मी खरंच चालू करून दिला, आणि तेव्हापासून माझं कुणी ऐकूनच घेत नाही.

तर डीबगर म्हणजे काय ते एकदाच सांगते. चालता प्रोग्रॅम मधेच थांबवायचा आणि त्याच्या पोटात डोकावून बघायचं, यासाठी लागणारा दुसरा प्रोग्रॅम म्हणजे डीबगर. प्रोग्रॅम लिहिणारी माणसं किमतींना नावं देतात. पाण्याचा दाब, मोटरीचा वेग, दार उघडं की बंद, असली साधी नावं. शाळेत बीजगणितात ज्याला चल म्हणायचे त्याला आम्ही व्हेरिएबल म्हणतो. यातली बरीचशी नावं फार जगत नाहीत. महिरपी कंस उघडला की त्याच्या आत नाव जन्माला येतं, कंस मिटला की संपतं. मधल्या तेवढ्या पट्ट्याला स्कोप म्हणतात. नाव संपलं की त्याची जागाही जाते, आणि तिथे लगेच दुसरं कुणी येऊन बसतं, कारण चिपमध्ये खण थोडे आणि बसणारे फार.

मग डीबगरला कसं कळतं कोण कुठे आहे? आपण लिहिलेलं चिपच्या भाषेत उतरवणारा जो कंपायलर असतो, तो काम करता करता मागे खुणा ठेवून जातो. हे नाव इथून इथपर्यंत या खणात, मग तिथपर्यंत त्या खणात, आणि त्यानंतर कुठेच नाही. डीबगर त्या खुणा वाचतो आणि थांबल्या जागी कोण हजर आहे, कोण अजून यायचंय, कोण निघून गेलंय ते पडद्यावर मांडतो. ऐकायला सोपं आहे. करायला बसलं की घाम फुटतो.

हे शब्द मी कॉलेजात शिकले, पण खुणा वाचायला शिकवलं ते आपानं. आपा म्हणजे शेजारच्या खुर्चीवर बसणारी माझी सहकारी. वयानं माझ्याहून बरीच मोठी, रत्नागिरीतल्याच खाडीकाठच्या राजिवड्याची, घरातले पुरुष पिढ्यानपिढ्या बोटीवर. तिच्याकडे थोरल्या बहिणीला आपा म्हणतात म्हणून मीही आपाच म्हणायला लागले. ती मला बाय म्हणायची. चुकले की "बाय", जमलं की "गो बाय", आणि मी रागावले की नुसतंच "काय गो".

आमचं ऑफिस मिरकरवाडा बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, जाळी आणि दोर विकणाऱ्या एका दुकानाच्या वर होतं. एक खोली, एक गॅलरी, आणि खालून येणारा नव्या नायलॉनचा वास. वारा फिरला की बंदरावरच्या सुकत घातलेल्या बोंबलांचा. ही जागा सरांची. ते पुण्यात बरीच वर्षं नोकरी करून परत आले होते, आणि "या कामाला पुणं कशाला लागतं?" हे त्यांचं पालुपद होतं. छोट्या यंत्रांतल्या चिपसाठी ते डीबगर बनवून विकायचे. सर गिऱ्हाइकं बघायचे, आपा खुणा वाचणारा भाग लिहायची आणि मी पडद्यावर काय, कुठे, कोणत्या रंगात दिसायचं ते.

मला त्या खोलीचं किती अप्रूप होतं ते आज सांगून पटणार नाही. शिकलेल्या मुलीनं पुढे काय करायचं याचं उत्तर आमच्याकडे ठरलेलं असतं: मुंबई, नाहीतर पुणे. माझे वडील आधी खेडच्या आणि मग रत्नागिरीच्या एसटी डेपोत क्लार्क होते. गावंच्या गावं मुंबईच्या गाडीत चढताना त्यांनी बघितली होती. बौद्धवाडीतून इंजिनिअर झालेली मी पहिली मुलगी, तेव्हा मी जाणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. आणि मी सकाळी डबा घेऊन रिक्षानं ऑफिसला जात होते, संध्याकाळी दिवे लागायच्या आत घरी येत होते. माझी वाट बघत फाटकाशी उभ्या असलेल्या वडिलांचा चेहरा मला बघून खुलायचा. मला दुसरं काही नको होतं. ती खोली, ती गॅलरी आणि शेजारी आपा.

आपाचं काम बघत बसणं हा माझा छंद होता. ती प्रोग्रॅमची एकेक ओळ पुढे सरकवायची आणि पुटपुटत राहायची. "आला. आला. हा बसला बघ. आता हा उठणार. उठला." मी हसले की म्हणायची, "हसतेस काय? तुझ्या पडद्यावर जो मिरवता ना, तो इथं आधी पाय लावून येता." दुपारी डबे उघडायचे. तिच्या डब्यात घावन असलं तर माझा डबा तसाच परत जायचा. आईनं कधी विचारलं तर मी भूक नव्हती सांगायचे, आणि आईला सगळं ठाऊक असायचं.

एकदा रविवारी तिनं मला घरी जेवायला बोलावलं. तिची सासू चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. तेवढ्यात शेजारची बाई दारातून डोकावली आणि आपाच्या नवऱ्याबद्दल विचारलं, "पोरगा कुठाय गो सध्या?" तो मालवाहू जहाजावर होता. सासूनं मान वर न करता सांगितलं, "सिंगापूरला हाय." बाई समाधानानं गेली.

मी आपाला विचारलं, "फोन आला होता काय?"

"मागं आलेला. सिंगापूर सोडताना."

"म्हणजे आता तिथे नाहीत."

"नाय."

"मग कुठे आहेत?"

"पाण्यात."

"मग तसं का नाही सांगत?"

आपानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी जेवणात खोट काढली होती. "पाण्यात हाय, असा कोण सांगता गो?" ती म्हणाली.

राजिवड्यात रीतच ती. माणूस जिथून शेवटचा बोलला तिथे तो असतो, आणि पुढचा फोन येईपर्यंत तिथून हलत नाही. कुणी त्याला खोटं म्हणत नाही. जहाजावर आता इंटरनेट असतं म्हणे, पण ते असून नसल्यासारखं, आणि असलं तरी रीत काही सुटलेली नाही. आम्ही तरी काय वेगळे? आमचा मुंबईचा काका घरच्यांच्या बोलण्यात कायम "परवाच येऊन गेला" असतो. तो परवा म्हणजे गेल्या वर्षीचा मे महिना.

आता यात डीबगरचा काय संबंध, असं वाटेल. संबंध असा की आपानं डीबगरही तसाच लिहिला होता. कंपायलरच्या खुणांत एखादं नाव "इथून पुढे कुठेच नाही" असं आलं, की तिचा प्रोग्रॅम त्या नावाची शेवटची बघितलेली किंमत धरून ठेवायचा आणि तीच पडद्यावर पाठवायचा. मी ती छान हिरव्या रंगात दाखवायचे. कुणाला काही खटकलं नाही. मला नाही, सरांना नाही. रत्नागिरीची माणसं आम्ही, आम्हाला ते शहाणपणाचंच वाटलं. विचारलं तर काहीतरी सांगता यायला हवं ना!

खटकलं ते पुण्याच्या गिऱ्हाइकाला. पाण्याच्या पंपांची नियंत्रणं बनवणारा त्यांचा कारखाना. टाकीतला दाब ठरावीक आकड्याच्या वर गेला की पंप थांबायला हवा, आणि तो थांबत नव्हता. त्यांच्या इंजिनिअरनं आमचा डीबगर लावून बघितलं तर दाब बरोबर दिसत होता. म्हणून त्यानं वायर तपासली, मोटर तपासली, दुसरी मोटर मागवून तपासली. सगळं ठीक. शेवटी त्याला आमचाच संशय आला. फोनवर त्याचा आवाज इतका चढला होता की सरांनी फोन कानापासून लांब धरला आणि आम्हा दोघींना बसल्या जागी सगळं ऐकू आलं.

फोन ठेवून सर गॅलरीत जाऊन उभे राहिले. परत आले तेव्हा शांतपणे म्हणाले, "तो स्वतः येतोय इकडे, यंत्र घेऊन. त्याच्यासमोर हे नीट झालं नाही तर हे गिऱ्हाईक जाणार, आणि ते गेलं तर ही खोली चालवण्यात काही अर्थ नाही. मी सरळ पुण्याला जाऊन नोकरी धरेन. तुम्हाला आधी सांगून ठेवतो."

माझ्या डोळ्यांसमोर आधी आले ते फाटकाशी उभे असलेले वडील.

आपाला मी लगेच म्हटलं की ती शेवटची किंमत धरून ठेवणं काढून टाक. तिनं मान हलवली. "काढून काय दाखवू?"

"काही नाही दाखवायचं. माहीत नाही म्हणायचं."

"माहीत नाय म्हटला की माणूस शोधायचा थांबता, बाय. काय तरी हातात दिला तर तो धरून पुढं जाईल."

"पुढे कुठे जाईल? तो पार मोटर बदलून आला!"

"मग तो येडा."

"आपा, तो येडा नाही. तू त्याला सिंगापूर सांगितलंस आणि तो बिचारा सिंगापूरला जाऊन बसला."

हे बोलायला नको होतं असं मला तोंडातून निघतानाच वाटलं. पण माझा स्वभाव असा, की तोंड मिटायच्या आधी शब्द बाहेर पडलेला असतो. आपानं डब्याचं झाकण लावलं, पदर सारखा केला आणि खुर्ची वळवून पडद्याकडे तोंड केलं. त्या दुपारी आमच्या खोलीत फक्त खालच्या दुकानातल्या दोराच्या गुंडाळ्या सरकवल्याचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या आधी येऊन बसली होती. तिनं तो भाग काढला होता. नुसता काढला नव्हता, मुळापासून पुन्हा लिहिला होता. आधी ती नुसत्या नावावरून ओळखायची. आता ती प्रत्येक महिरपी कंसाचा आत आणि बाहेर वेगळा धरत होती. आतल्या कंसात आणि बाहेरच्या कंसात एकाच नावाचे दोघे असले तरी आता त्यांची गल्लत होणार नव्हती, आणि कंस मिटला की त्यातलं नाव तिथल्या तिथे सोडलं जात होतं.

"आता शब्द सांग," ती म्हणाली. सरांच्या हट्टापायी आमचा पडदा मराठीतही लावता यायचा. "संपलं" मला आवडलं होतं, ते तिला नको. "गेलं" म्हटल्यावर तिनं कपाळाला हात लावला. बरीच घासाघीस होऊन "माहीत नाही"वर आम्ही आलो. तरी तिची बोटं कीबोर्डवर अडलेलीच. मग तिनं आधी एक शब्द जोडला: "सध्या माहीत नाही". मी म्हटलं राहू दे. त्या "सध्या"साठी जागा करायला मला पडद्यावरचा रकाना रुंद करावा लागला, तोही मी केला.

इंजिनिअर आला तो घाटातल्या वळणांनी हैराण होऊन. तरुण, चष्मेवाला, हातात यंत्राची पेटी. जिना चढताना त्यानं नाकाला रुमाल लावला, आणि मला त्याचा मनापासून राग आला. आपानं त्याला आधी पाणी दिलं, मग डब्यातलं घावन पुढे केलं. तो नको नको म्हणत बसला. "खा हो, रिकाम्या पोटी यंत्र पण चालत नाय," आपा म्हणाली, तेव्हा त्यानं निमूटपणे खाल्लं. रुमाल खिशात गेला.

मग त्यानं पेटी उघडून यंत्र जोडलं, प्रोग्रॅम चालू केला आणि दाब मोजला जातो तिथे थांबवला. आम्ही तिघं त्याच्या मागे उभे. एक ओळ पुढे. दाब हिरवा, बरोबर. आणखी एक ओळ. बरोबर. मग महिरपी कंस मिटला, आणि दाबाच्या पुढची किंमत गळून तिथे आलं: सध्या माहीत नाही.

तो एकदम मागे टेकला. "हे काय? बिघडलं?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी आपाकडे. आपा त्याच्याकडे बघत होती. "तुमचा दाब इथवरच होता," ती म्हणाली. "कंस बघा तुमचा."

त्यानं पडद्याला नाक लावून ओळी वाचल्या. त्याच ओळींत खाली गेला, पुन्हा वर आला. मग त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानंच आतल्या कंसात दाबाचं नाव पुन्हा नव्यानं लिहिलं होतं. त्यामुळे मोजलेला दाब त्या आतल्या नावात भरला जात होता आणि कंस मिटताच त्याच्याबरोबर संपत होता. बाहेरच्या दाबापर्यंत काही पोचतच नव्हतं, म्हणून कंपायलरनं त्याला खणही दिला नव्हता, आणि पंप थांबवायचा की नाही हे ठरवणारी ओळ बाहेर होती. आमचा जुना डीबगर कंस मिटल्यावरही आतल्याचीच शेवटची किंमत दाखवत होता, म्हणून त्याला इतके दिवस ही जागा निर्दोष वाटली होती.

त्यानं आतलं नाव नव्यानं जन्माला घालणारा एक शब्द खोडला आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवला. पेटीतला छोटा दिवा विझला. म्हणजे पंप थांबला. त्यानं दोनदा चालवून बघितलं, दोन्हीदा विझला. "मला इथे बघायचंच सुचलं नाही," तो म्हणाला. "आज तुमच्या डीबगरनं माहीत नाही म्हटलं म्हणून बघितलं." आपानं उरलेलं घावन कागदात बांधून त्याच्या हातात दिलं.

त्या संध्याकाळी घरी जाताना रिक्षात मी मोठ्यानं गाणं म्हणत होते. रिक्षावाला आरशातून बघत होता, बघू दे म्हटलं. खोली वाचली होती. रिक्षा फाटकाशी थांबायच्या आतच मी वडिलांना ओरडून सांगितलं. ते "बरं झालं" एवढंच म्हणाले, आणि आत जाऊन आईला म्हणाले, आज मासळी आणायला हवी होती.

पुढे जे झालं त्याला काय म्हणावं मला अजून कळत नाही. त्या कारखान्याला आमचं काम इतकं आवडलं की त्यांनी आणखी काम दिलं, मग त्यांच्या ओळखीच्यांनी दिलं. मग ते सरांना म्हणू लागले की एवढ्या लांबून कसं जमणार, इकडेच या. सरांनी बरेच दिवस टाळलं. पालुपद हळूहळू ऐकू येईनासं झालं. शेवटी त्यांनी पुण्यात जागा बघितली. हरलो असतो तरी ही खोली बंद होणार होती आणि जिंकलो तरी बंद होतेय, मग एवढा आटापिटा कशाला केला, असा प्रश्न मी गॅलरीत उभी राहून त्यांना विचारलाही. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "तुम्ही दोघीही चला. दोघींसाठीच जागा घेतली आहे."

मी जायचं कबूल केलं, कारण हे काम इथे दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. आपाला सासू होती, थकलेली. नवरा पाण्यात. घराला कुलूप लावून जाणारी ती नव्हती, हे मला ठाऊक होतं. तरी शेवटच्या दिवशी तारा गुंडाळताना मी तिला विचारलं. आमच्याकडे असल्या प्रश्नाला कुणी सरळ उत्तर देत नाही. "बघू हां", "येऊ की", "पाऊस सरू दे", असलं काहीतरी म्हणतात, आणि ऐकणाराही तेवढ्यावर खूश होतो. मी तेवढंच मागत होते.

"आपा, येशील ना? आत्ता नाही, पण नंतर?"

तिनं तारेला गाठ मारली. "नाय गो बाय. मी येणार नाय."

मला इतकं रडू आलं की मी खाली बसले. म्हटलं, "निदान बघू तरी म्हण ना." तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ ठेवला. बघू काही म्हणाली नाही.

पुण्यातलं ऑफिस मोठं होतं, काचेचं. सरांनी सांगितल्याप्रमाणे माझ्या टेबलाशेजारी दुसरं टेबल मांडलं होतं, खुर्चीवरचं प्लॅस्टिकही काढलं नव्हतं. नवी मुलं येत होती, एकेक जण विचारायचा, मॅडम, इथे कुणी बसतं का? मी सांगायचे, आमची आपा बसते. सध्या रत्नागिरीला आहे, येईल. ते मान डोलवून दुसरीकडे जायचे, आणि मी पडद्याकडे बघत काम करत राहायचे.